जुनी डिस्क पुसू नका, कपाटात ठेवा

आमच्या माळ्यावर अजून जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) कार्डांचे चार गठ्ठे पडून आहेत. पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या, त्यांत भोकं पाडलेली आणि सगळ्या एकीला एक दोरीने शिवलेल्या. अण्णा कार्ड पंचिंगचं काम करायचे. चादरीत आडवा धागा एकदा पडला की एक कार्ड, पुढच्या धाग्याला पुढचं. मोठ्या डिझाइनला हजारावर कार्डं सहज जायची. एकदा उंदरांनी एका गठ्ठ्याचा कोपरा कुरतडला, तर अण्णांनी एका दुपारी तेवढीच कार्डं नव्याने पाडून मधे शिवून टाकली. दुसऱ्या दिवशी माग चालू.

मी तेच काम कॉम्प्युटरवर करते. सोलापूरच्या पूर्व भागात, घराच्याच पुढच्या खोलीत दोन डेस्कटॉप मांडलेत. टॉवेल आणि चादरींची डिझाइनं इथे तयार होतात आणि पेनड्राइव्हवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर जातात. माझी हार्ड डिस्क बिघडली तर अण्णांसारखा नुसता कोपरा शिवून भागत नाही. ती गेली की बारा वर्षांचं सगळंच जातं. म्हणून डिस्क बदलायचं काम मी स्वतः शिकले. माझ्या, भावाच्या आणि दोन-तीन कारखान्यांच्या ऑफिसातल्या डिस्क बदलून झाल्यात. मी काही हार्डवेअरवाली नाही. पण रविवारी सकाळी स्टार स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलात तर हे काम तुम्हालाही जमेल, आणि कुठे चुकायचं नाही ते मी चुकून शिकले आहे.

आधी खात्री करा, दोष डिस्कचाच आहे का

‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ म्हटलं की दुकानदार एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) सांगतो. बहुतेक वेळा तो बरोबर असतो. तरी पैसे देण्याआधी टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा. प्रोसेसर दहा टक्क्यांवर लोळतोय आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसली आहे, असं दिसलं तर डिस्कच नडतेय. रॅम ४ जीबी असेल आणि तीच भरलेली दिसली तर आधी रॅम वाढवा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच उधारी करते, आणि मग दोष डिस्कवर येतो.

हार्ड डिस्क एवढी मागे का पडते, त्याचं कारण साधं आहे. आत तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांच्या वर. वाचणारं टोक हव्या त्या जागी सरकणार, तो भाग फिरून खाली येण्याची वाट बघणार, मग वाचणार. अशी ठिकठिकाणची बारीक वाचनं सेकंदाला शंभरेक होतात. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीक फायली हव्या असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे हाच आकडा हजारोंच्या घरात जातो. म्हणून दहा वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये साधी सॅटा (हार्ड डिस्कसारख्याच केबलवर चालणारी) एसएसडी टाकली तरी माणूस बदलल्यासारखा वाटतो.

दुसरी तपासणी डिस्कच्या तब्येतीची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका. निळं ‘गुड’ दिसलं तर ठीक, पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर त्याच दिवशी कॉपी काढायला बसा. खालच्या यादीत दोन ओळी बघायच्या: ०५ नंबरची ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि सी५ नंबरची ‘करंट पेंडिंग सेक्टर’. पहिलीत खराब झाल्यामुळे डिस्कने टाकून दिलेले तुकडे मोजले जातात, दुसरीत संशयित तुकडे. आकडे मूळ सेटिंगमध्ये सोळाच्या पटीतल्या मोजणीत दिसतात, म्हणून ‘१०’ बघून दहा समजू नका, ते सोळा असतात. मेन्यूत जाऊन दशमान करून घेता येतं. आकडा शून्य नाही म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. या आठवड्यात आठ आणि पुढच्या आठवड्यात चाळीस, असं वाढत असेल तर मात्र ती डिस्क निघाली समजा.

डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर पुढचं काहीच वाचू नका. कॉम्प्युटर बंद करा. आतला डेटा गरजेचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे तशीच न्या. ‘परत एकदा चालू करून बघू’ म्हणत दहादा चालू केलेल्या डिस्कमधून मग कुणालाच काही काढता येत नाही.

बाजारात जाण्याआधी झाकण उघडा

लोक उलट करतात. आधी ऑनलाइन ऑफर बघून एसएसडी मागवतात, मग ती बसवायला जागाच नाही असं कळतं. आधी मदरबोर्डवर छापलेलं मॉडेलचं नाव वाचा, मोबाइलने फोटो काढा आणि कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवून घ्या.

माझ्या जुन्या डेस्कटॉपमध्ये एच८१ चिपसेटचा बोर्ड आहे, चौथ्या पिढीचा आय५. त्यावर एम.२ची, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची, खाच नाहीच, फक्त चार सॅटा पोर्ट आहेत. त्यातही गंमत अशी की दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. एसएसडी चुकून ३वाल्यात खोचली तर चालते, कुठलीही तक्रार करत नाही, फक्त सेकंदाला साडेपाचशे एमबीऐवजी पावणेतीनशेच्या आसपास रेंगाळते. पोर्टच्या शेजारी बारीक अक्षरात ‘सॅटा ६जी’ असं काहीतरी छापलेलं असतं. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा.

नव्या बोर्डावर एम.२ची खाच असते आणि इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. त्याच आकाराच्या पट्टीत आतून सॅटा असू शकतं किंवा एनव्हीएमई, ही त्याहून वेगवान जोडणी. सॅटावाली सेकंदाला साडेपाचशे एमबीला थांबते, तिसऱ्या पिढीची चांगली एनव्हीएमई साडेतीन हजारापर्यंत जाते, चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत. भाच्याचा कॉम्प्युटर अपग्रेड करताना एका दुकानात मला ‘एनव्हीएमईच आहे मॅडम’ म्हणून पट्टी दिली. खोक्यावर बारीक अक्षरात सॅटा लिहिलेलं. टोकाशी बघितलं तर दोन खाचा होत्या. एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा सॅटा. पण काही एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात, म्हणून शेवटी लेबल वाचायचं. दुकानदाराने बदलून दिली, फक्त चेहरा असा केला की मीच फसवते आहे.

मॅन्युअलमध्ये आणखी एक ओळ शोधा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ची खाच वापरली की एक किंवा दोन सॅटा पोर्ट आपोआप बंद होतात. हे माहीत नसलं की माणूस नवी एसएसडी बसवतो, जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी होते आणि घरात रडारड सुरू होते. डिस्क ठणठणीत असते, केबल शेजारच्या पोर्टात लावायची एवढंच.

किती जीबीची घ्यावी? विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबीच्या खाली आता जाऊ नका. २५६ची दोन वर्षांत भरते आणि एसएसडी काठोकाठ भरली की तिचा वेग पडतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या. रोजच्या कामात सॅटा आणि एनव्हीएमईतला फरक मला तरी जाणवत नाही, मोठ्या फायली इकडून तिकडे टाकताना जाणवतो. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर एनव्हीएमई घ्या, हिशोब आणि डिझाइन करत असाल तर सॅटावर समाधान माना आणि उरलेल्या पैशांत बॅकअपसाठी हार्ड डिस्क घ्या. एवढा सल्ला मी सगळ्यांना देते आणि दहातले नऊ जण ऐकत नाहीत.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, त्यावरून दुकानात भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत. एकाने मीटरने मोजलं, दुसऱ्याने वाराने, कापड तेवढंच. भांडायचंच असेल तर १६ टीबी म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या बाहेरच्या एसएसडींवरून भांडा. त्यांच्या पोटात लहानसं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि ती विंडोजला खोटी साइज सांगते. एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या फुकट सॉफ्टवेअरने पूर्ण भरून वाचून बघितलं की खरं किती ते बाहेर येतं.

प्रती

डिझाइनच्या फायली तशा लहान असतात. जागा खातात ते सँपलचे फोटो, जुन्या चादरींचे स्कॅन आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेला कचरा. म्हणून सगळ्याचा बॅकअप जमत नसेल तरी कामाच्या फायलींचा जमतोच, ‘जागा नव्हती’ ही सबब चालत नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी टेबलाच्या खणातल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी नवी पेठेत बहिणीच्या कपाटात. दर दोन महिन्यांनी शेंगाचटणीचा डबा घेऊन जाते आणि डिस्क बदलून आणते. ऑनलाइन साठवणही चालेल.

आणखी एक गोष्ट विसरू नका: बिटलॉकर. आजकाल बऱ्याच कॉम्प्युटरवर डिस्क न विचारता कुलूपबंद केलेली असते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी मदरबोर्डची सेटिंगं) हात घातला की विंडोज ४८ आकडी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते आधी बघा, कागदावर उतरवा आणि क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्याआधी कुलूप काढून टाका.

कॅबिनेटमध्ये

आमच्याकडे कॅबिनेटलाच सीपीयू म्हणतात. म्हणू द्या, पण दुकानात ‘सीपीयू बदलायचाय’ म्हणू नका.

मागचं बटण बंद, केबल काढा, मग पुढचं पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. स्थिर विजेचं लोक हसण्यावारी नेतात. सोलापुरात मार्च-एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की टेरीकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तोच चटका चिपला पुरतो. चादरीवर बसून काम करू नका (हे आमच्या घरात सांगणं किती अवघड, विचार करा), लाकडी टेबलावर करा, आणि काहीही उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

मागाच्या गावात कॅबिनेट उघडलं की आधी सुताची लव दिसते. कारखान्याच्या ऑफिसातला एक कॉम्प्युटर मी उघडला तेव्हा पंख्यावर चक्क पिंजलेल्या कापसासारखा थर होता. बोटाने उचलला तर अखंड निघाला, घोंगडीचा तुकडा असावा तसा. उन्हाळ्यात बाहेर ४३ अंश असताना त्या बिचाऱ्या हार्ड डिस्कचं तापमान ५८ दाखवत होतं. बहुतेक हार्ड डिस्कची हद्द ६० असते. ब्लोअर मारायचा तर अंगणात नेऊन मारा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. डिस्क बदलली नाही तरी एवढं तरी कराच.

अडीच इंची सॅटा एसएसडी बसवणं सोपं. एक पातळ डेटा केबल मदरबोर्डकडून, एक रुंद पॉवर केबल एसएमपीएसकडून (वीज पुरवणारा डबा). दोन्हींची तोंडं इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, त्यामुळे उलटी जात नाहीत. जोर लावला तर प्लास्टिकचं जिभलं मोडतं, म्हणून जोर लावायचा नाही. साडेतीन इंचाच्या कप्प्यात बसवायला ब्रॅकेट मिळतं. तेवढ्यासाठी दुकान गाठायचं नसेल तर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनेही भागतं, आत फिरणारं काही नसल्याने थरथरीची भीती नाही. हार्ड डिस्कला मात्र चारही स्क्रू हवेत. तिचे स्क्रू जाड आट्यांचे आणि एसएसडीचे बारीक आट्यांचे, एकाचा दुसऱ्यात पिळून घालू नका.

एसएमपीएसला सॅटाची पॉवर केबल शिल्लक नसली की दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचं पॉवरचं टोक) सॅटा करणारी छोटी केबल देतो. ज्या केबलचं टोक एकसंध ओतलेल्या प्लास्टिकचं असतं ती घेऊ नका, तिच्या आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा वरून दाबून बसवलेल्या दिसतात, मागे झाकण असतं, ती घ्या. दहा-वीस रुपयांचा फरक.

एम.२ बसवताना भाचा शेजारी होता. पट्टी साधारण तीस अंशांच्या कोनात तिरकी धरून खाचेत सरकवायची, मग वरचं टोक खाली दाबून एका स्क्रूने पकडायचं.

‘आत्या, एवढंच? एकच स्क्रू?’

‘एकच. आणि तोच पडतो.’

पडलाच. तिळाएवढा स्क्रू, टेबलावरून उडाला तो थेट फरशीवर. दोघं गुडघ्यांवर बसून मोबाइलची बॅटरी लावून शोधत होतो. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘काय सांडलं?’ तिला स्क्रू म्हटल्यावर तिने केरसुणी आणून दिली. केर सुपलीत घेऊन वरून चुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर फिरवला तेव्हा सापडला, सुताच्या गुंत्यात अडकलेला. तेव्हापासून कॅबिनेट उघडलं की शेजारी एक पांढरी ताटली ठेवते, स्क्रू तिच्यात.

एम.२वर धातूचं झाकण बसवायचं असेल तर त्याच्या आतल्या गादीवर पातळ प्लास्टिक असतं, ते सोलायला विसरू नका. सोललं नाही तर झाकण थंड करायच्या ऐवजी पांघरुणाचं काम करतं.

क्लोन: इथेच मी बुडाले

जुनं विंडोज जसंच्या तसं नव्या डिस्कवर नेणं म्हणजे क्लोन. नवं विंडोज टाकणं जास्त स्वच्छ, हे सगळे सांगतात आणि खरंही आहे. विंडोजचं लायसन्स बहुतेक वेळा मदरबोर्डाला बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते जात नाही. पण माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर यूएसबी किल्लीवर चालतं, त्याची सीडी ज्या माणसाने दिली तो धंदा सोडून गेला. असलं काही असेल तर क्लोनच करावं लागतं. नसेल तर नवं टाका.

२०१६चा जानेवारी. सिद्धेश्वराची यात्रा भरलेली, गड्ड्यावर गर्दी, होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. घरातले सगळे ते बघायला गेले आणि मी म्हटलं, शांतता आहे तर क्लोन उरकून घेऊ. जुनी डिस्क १ टीबी, नवीही १ टीबी, एकाच कंपनीच्या, नावं शेवटच्या दोन अक्षरांपुरती वेगळी. सॉफ्टवेअरने विचारलं, सोर्स कुठली, डेस्टिनेशन कुठली. मी निवडलं. त्याने विचारलं, डेस्टिनेशनवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? चालेल म्हटलं. बाहेर आकाशात फटाके फुटत होते आणि आत मी कोऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल भरलेल्या डिस्कवर करत होते. कोऱ्या डिस्कची नक्कल फार लवकर होते. तीन मिनिटांत ‘पूर्ण झालं’ आलं तेव्हा मला आनंद झाला, बघा.

घरचे परत आले तेव्हा मी काळ्या पडद्यासमोर बसले होते. पुढच्या महिनाभरात मी प्रत्येक कारखान्यात जाऊन मागाच्या कंट्रोलरमधून आणि त्यांच्या खणांतल्या पेनड्राइव्हांतून माझीच डिझाइनं परत गोळा केली. बरीच मिळाली. एक मयूरपंखी चादरीचं मात्र कायमचं गेलं. त्याच्या विणीत रंग बदलायची एक युक्ती मी केली होती, ती आता मलाच आठवत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. क्रिस्टलडिस्कइन्फोत प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर दिसतो. तो आणि डिस्कवरच्या लेबलवरचा जुळवून घ्यायचा. कागदी टेपच्या तुकड्यावर शेवटचे चार आकडे आणि ‘जुनी’ किंवा ‘नवी’ असं मार्करने लिहून डिस्कवर चिकटवायचं. क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सिरियल दिसतो का ते बघायचं. क्लोनझिला फुकट आहे आणि त्यात दिसतो, फक्त त्याचं रूप जुन्या काळ्या पडद्याचं आहे. बहुतेक एसएसडी कंपन्या आपापलं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात, ते सोपं असतं. शक्य असेल तर दोन्ही डिस्क वेगवेगळ्या साइजच्या घ्यायच्या, म्हणजे डोळ्यांनाच फरक कळतो. आणि ‘पुसलं जाईल’ हा शेवटचा प्रश्न आला की उठून पाणी पिऊन यायचं. परत येऊन मग टेप वाचायचा.

मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर क्लोन करायचं असेल तर आतला भरलेला माल नव्या डिस्कमध्ये मावला पाहिजे. डिझाइन, फोटो आधी दुसरीकडे हलवा, मग क्लोन करा. क्लोन चालू असताना वीज गेली तर जुनीला सहसा काही होत नाही, नवीवरचं अर्धवट राहतं आणि पुन्हा सुरुवात करावी लागते. यूपीएस असेल तर त्यावर लावा, नसेल तर दुपारी करू नका.

क्लोन झाल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि फक्त नवीवर चालू करून बघा. दोन्ही लावून ठेवल्या तर कॉम्प्युटर कुठल्या डिस्कवरून चालू झाला तेच कळत नाही. मी एका कारखान्यात बघितलंय, वर्षभर एसएसडी आत असून ते जुन्याच हार्ड डिस्कवरून चालवत होते आणि एसएसडीला शिव्या देत होते.

चालू झालंच नाही तर बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बघा. सॅटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय असावा, पण चालू विंडोजवर तो मोड अचानक बदलला तर निळा पडदा येतो. आधी जो होता तोच ठेवा, हे सगळ्यात सुरक्षित.

नवी डिस्क दिसत नाही

नव्या हार्ड डिस्कवर क्लोन न करता नुसती जोडली तर ‘धिस पीसी’मध्ये ती येणार नाही. ती खराब नसते, कोरी असते. स्टार्टवर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. ते लगेच विचारेल, एमबीआर की जीपीटी? जीपीटी निवडा. एमबीआर पद्धतीला २ टीबीच्या पलीकडे दिसत नाही आणि चारच मुख्य पार्टिशन करता येतात. मग काळ्या पट्टीवर उजवी क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, आणि नाव द्या.

हाच इनिशियलाइजचा प्रश्न जुन्या, भरलेल्या डिस्कबद्दल आला तर मात्र हात मागे घ्या. तो ‘मला ही वाचता येत नाही’ असं सांगतोय. कॅन्सल करा, केबल बदलून बघा, पोर्ट बदलून बघा.

डिस्क वाढली की अक्षरं इकडची तिकडे होतात. माझं सॉफ्टवेअर डिझाइनं डी ड्राइव्हमध्ये शोधायचं आणि नव्या डिस्कनंतर डीचं ई झालं. सकाळी सगळी डिझाइनं ‘सापडत नाहीत’ म्हणाल्यावर छातीत धस्स झालं. डिस्क मॅनेजमेंटमध्येच अक्षर बदलता येतं, दोन मिनिटांचं काम.

एसएसडीचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे करायची जुनी सवय सोडा. एसएसडी अख्खी सी. कामाच्या फायली हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या एसएसडीवर. आपले लोक सगळं डेस्कटॉपवर ठेवतात आणि डेस्कटॉप सीमध्येच असतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्युमेंट्स फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन आहे, तिथून तो फोल्डरच दुसऱ्या डिस्कवर हलवा.

एसएसडीला डिफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) मारू नका, विंडोज तिची काळजी स्वतः घेते. विंडोज १०चा आधार (नेहमीचे मोफत अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि माझ्या चौथ्या पिढीच्या आय५वर ११ अधिकृतपणे चढत नाही. म्हणून तो कॉम्प्युटर मी नेटवरून तोडून टाकलाय, पेनड्राइव्हने काम चालतं.

जुन्या डिस्कचं काय

नवी चालू झाली म्हणून जुनी लगेच फॉरमॅट मारू नका. तिच्यावर तारीख लिहा आणि महिनाभर कपाटात ठेवा. तिच्यावर राहून गेलेली एक तरी गोष्ट त्या महिन्यात निघतेच: टॅलीची डेटा फाइल, फॉन्ट, ब्राउजरमधले पासवर्ड. माझ्या बाबतीत तर एका लग्नाच्या पत्रिकेचं डिझाइन निघालं, आणि लग्न होऊन सहा वर्षं झाली होती.

महिन्यानंतर तब्येत चांगली असेल तर तिलाच बॅकअपला लावा. विकायची असेल तर हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, तेव्हाच सगळीकडे शून्यं लिहिली जातात. एसएसडी विकायची तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून सिक्युअर इरेज करा.

वर्षानुवर्षं नुसतं ठेवून द्यायला एसएसडी वापरू नका. तिच्यात डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो, वीज मिळाली नाही की तो हळूहळू झिरपतो, आणि जागा गरम असेल तर लवकर झिरपतो. आमचा माळा पत्र्याखाली आहे. मे महिन्यात तिथे हात लावता येत नाही. अण्णांची कार्डं तिथे चाळीस वर्षं टिकली, उंदीर सोडून त्यांना कशाचं काही झालं नाही. डिस्कचा डबा मी खाली ठेवते, देवघराच्या शेजारच्या कपाटात, आणि वर टेप: ‘जुनी, ४४७१, दिवाळीपर्यंत हात लावू नये.’